डावा पंख माझ्या हातून उघडला

बाबा,

आधी कान पकडते. तुमचं टेबल पुसताना, तुम्ही रंगवायला घेतलेल्या छोट्या विमानावर मऊ पुट्टीच्या बारीक वळ्या चिकटलेल्या दिसल्या. मला वाटलं घाण आहे, म्हणून डाव्या पंखावरच्या सोलून काढल्या. रंग वाळला होता, नशीब. आणि मग हात जागच्या जागी थांबला. हिरव्याला लागून तपकिरी, मधली कड नदीच्या वळणासारखी, कुठेही हललेली नाही! तेव्हा डोक्यात उजेड पडला, की दुसरा रंग फवारताना ती कड राखायलाच तुम्ही पुट्टी लावली होती. विमान खिडकीतल्या कुंडीवर धरलं, तर पंख माती-पानांत दिसेनासाच झाला. बावळटासारखी बघत राहिले, त्यात बस चुकली. आता दुसरी गाठायला पळते.

उजवा पंख तसाच आहे. तो तुम्हीच उघडा, पण मी कामावरून आल्यावर. मला बघायचंय.

चहा झाकून ठेवलाय. आजारपणानंतर तुमचा हात थरथरतो, म्हणून मी रोज कप अर्धाच भरायचे. तुम्हाला न विचारताच.

ती कड बघून आज काठोकाठ भरलाय.

सूनबाई