सॉस कंपनीचे शेअर

अप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलोच आहे. फोटोसमोर उभा राहिलो की आधी हात जोडतो, मग मनातल्या मनात भांडतो. आई म्हणते, "गेलेल्या माणसाशी कसला रे दावा मांडतोस?" तिला काय सांगू?

तुम्ही नोकरीला होतात ती सातपूरची सॉसची कंपनी मुंबईच्या मोठ्या कंपनीत विलीन होणार, ही बातमी जूनमध्ये पेपरात आली. मी कॉलेज अर्ध्यावर सोडून कुरिअरची पाकिटं वाटत होतो आणि तुमच्याच कंपनीत बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या मुलीपायी वेडा झालो होतो. तुम्हाला ते माहीत होतं. तिच्या घरी मागणी घालायची तर हातात काहीतरी पाहिजे होतं. शालीमार चौकातला शेअरवाला म्हणत होता, "आत्ताच घेऊन टाक भाऊ, नंतर हाताला लागायचे नाहीत." पण सगळी पुंजी घालायची, धीर होईना. तुम्ही स्वयंपाकघरात जेवताय, भाकरीला कंपनीचा सॉस लावून, आई नाक मुरडतेय, आणि मी दारात उभा.

"अप्पा, घेऊ का?"

तुम्ही मान वर करत नाही. "घे."

"नक्की ना?"

"कॉलेज अर्धवट सोडलंस, हे तरी पुरतं कर."

दुसऱ्याच दिवशी मी शेअर घेतले. गणपती उठले आणि सातपूरच्या कारखान्याला कुलूप लागलं. मोठ्या कंपनीला फक्त नाव हवं होतं, बाटल्या ती गुजरातेत भरणार होती. खर्च वाचला म्हणून भाव चढला. ती मुलगी मला स्टँडवर भेटली, येवल्याच्या गाडीची वाट बघत. घरचे सगळे मामाकडे चालले होते, कायमचे. "भाव चढला म्हणे," ती म्हणाली, "पेढे कुठायत?" मी म्हटलं, आईशप्पथ, मला काही माहीत नव्हतं. "तुला नसेल. तुझ्या अप्पांना होतं. कुणाकुणाला काढायचं ती यादी त्यांनीच केलीय, बातमी यायच्या आधी." गाडी लागली, ती चढली, खिडकीतून तिनं पाहिलंसुद्धा नाही.

तुमची मात्र नाशिक रोडच्या गोडाउनला बदली झाली. त्या दिवशी मी ताट भिरकावलं. सांडलेलं वरण पुसत तुम्ही म्हणालात, "तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस. मग गेटवर दगड पडले असते." खरंय. माझ्या पोटात काही राहत नाही. पण मग "घे" तरी कशाला म्हणालात? पोराचं भलं केलंत, की त्या यादीवर माझीही सही घेतलीत? त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत आपण हा विषय काढला नाही.

पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक लिहून ठेवतो. तिलाही सांगितलं नाही, आईलाही नाही. दरवर्षी वैशाखात तुम्ही गिरणारे गावच्या मळ्यांवर टोमॅटोचं बी वाटायला जायचात. त्यातूनच पुढच्या हंगामाचा माल कारखान्यात यायचा. त्या वर्षी बियांची पाकिटं घरी आलीच नाहीत, तुमची सायकल सगळा वैशाख भिंतीला टेकून होती. ज्याला पुढचा टोमॅटो नको तो कारखाना चालायचा नाही, हे न कळण्याइतका मी बावळट नव्हतो. दारात उभं राहून मी फक्त शेअरचं विचारलं, अप्पा. सायकलीचं विचारलं नाही.