सानवीचं लंघन

प्रिय यशश्री,

एकाच शहरात, नागरवाड्यातून वाडीत पत्र पाठवतेय म्हणून हसशील. हस. दहा मिनिटांच्या वाटेवर राहून दोन वर्षं आपण बोललो नाही, आता तोंडी काही जमायचं नाही. उद्या तुझ्या अनयच्या उष्टावणाला तुझा दादा मामा म्हणून येईल. त्याच्या नकळत चांदीच्या वाटीच्या डबीत हे पत्र ठेवतेय.

माझ्या सानवीचं उष्टावण आठवतं? पहिला घास तिने तुझ्याच साडीवर थुंकला आणि तू केवढी हसलीस! पुढे सात महिन्यांनी तिला ताप आला, उलट्या सुरू झाल्या. मी साखर घातलेली पेज भरवत होते, तू वाटी काढून घेतलीस. तापात लंघन हेच औषध, आपल्या घरात असंच करतात म्हणालीस. आईंनी मान डोलावली आणि मी मुकाट बसले. सकाळी पोर हलवूनही जागी होईना. रक्तातली साखर तळाला गेलेली, यकृत सुजलेलं. ‘बेन, एने भूखी केम राखी?’ गुजराती डॉक्टरांनी विचारलं, हिला उपाशी का ठेवलं म्हणून. दुपारी ती गेली. भेटायला येणाऱ्यांना तू सांगत होतीस, वहिनीच्या माहेरचंच यकृत नाजूक. तेव्हापासून मी बोलणं टाकलं.

आता खरं ऐक. महिन्याने रिपोर्ट आला. सानवीच्या शरीराला चरबी जाळून ताकद करता येत नव्हती. पोट रिकामं राहिलं की साखर संपायची आणि चरबी यकृतात साचायची. हा दोष एकट्या आईकडून येत नाही, दोघांकडून यावा लागतो. आमची दोघांची तपासणी झाली. माझ्यात आहे, तसाच तुझ्या दादातही आहे. आईंना आणि तुझ्या सासरी कळायला नको म्हणून त्याने तो कागद कपाटात कोंबला. मी गप्प राहिले ती मात्र त्याच्या शब्दासाठी नव्हे. मला तुझा राग होता. तू गरोदर आहेस कळलं तेव्हाही मनात आलं, कळेल तिचं तिला. एवढी वाईट झाले मी.

परवा खंडेराव मार्केटात मला पाहून तू तोंड फिरवलंस. तुझ्या खांद्यावरचा अनय मात्र हसला. यशू, तोच दोष तुझ्यात असू शकतो, आणि तो आईंकडून आला असेल तर तू त्यांच्याच भावाच्या घरी दिलेली, तेव्हा तुझ्या नवऱ्यात, मयंकरावांतही असू शकतो. अनयचं रक्त तपासून घे. तोवर ताप असो, उलट्या असोत, त्याला उपाशी ठेवू नकोस. खात नसेल तर तडक दवाखाना गाठ. तुला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण सानवीच्या वेळी तुला ठाऊक नव्हतं. अनयच्या वेळी मला ठाऊक आहे.

तुझीच म्हणवत नाही, तरी तुझी वहिनी,
चारुलता