मांसानंतरचं गोड

ब्रुकलिन

तिर्झा बाळा,

काल आपल्या ज्यूंच्या नव्या वर्षाच्या जेवणात मी तुझंच पीनट बटरचं गोठवलेलं गोड वाढलं.

चार वर्षांपूर्वी तू ते तुझ्या खोलीवरून करून आणलं होतंस. आपल्यात मांसाबरोबर दूध निषिद्ध; तू धर्म सोडलेला, तेव्हा मांसाच्या जेवणावर मुद्दाम दुधाचं क्रीम आणलंस, असं मी धरूनच चालले. पाहुण्यांदेखत सगळं कचऱ्यात ओतलं. "घर बाटवायला आलीस का गं?" असंही म्हणाले. तू पिशवी तिथेच टाकून निघून गेलीस.

मागे राहिलेल्या तुझ्या पिशवीत बिनदुधाच्या सोया क्रीमचा रिकामा डबा निघाला, धर्माला चालतं असा रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, शिक्का असलेला. मला दाखवायलाच आणला होतास ना? सोबत तुझ्या अक्षरात कृती. भांडंसुद्धा नवं कोरं, निषिद्ध असं काही कधी न लागलेलं, तळाला किमतीची चिठ्ठी तशीच.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. तुझे बाबा अजून घरात तुझं नाव काढू देत नाहीत. डबा माझ्या कपाटात आहे. तुला लिहिलेली पत्रं त्यातच पडून राहतात. हेही राहील.

काल बाबांनी ते गोड दुसऱ्यांदा मागून घेतलं. म्हणाले, "झकास झालंय! कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "शेजारणीने."

तुझी,
आई