आडवी वाटणी

मी, नेमगोंडा भरमगोंडा मगदूम, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, राहणार हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकिलांनी सांगितलं. मला कोणी दम दिलेला नाही, की गोड बोलून पेन हातात दिलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन वाण्याच्या पुडीच्या कागदांवर आणि मग शेतीच्या मासिकांवर झालं. तेव्हा कायद्याची भाषा कुठे घसरली तर शब्द सोडून अर्थ धरावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं, आणि तब्येत बघता हेच शेवटचं.

माझी पत्नी पद्मावती महापुराच्या वर्षी वारली. मला दोन मुलं. थोरली त्रिशला पेठ वडगावला दिली आहे. ती आणि जावई शेती करतात. धाकटा सम्मेद माझ्याजवळ राहतो, त्याचे कबनूरला माग आहेत. दोघंही गुणाची आहेत. हे आधीच लिहून ठेवतो, कारण वाटणीचं आलं की माणसं एकमेकांचे गुण विसरतात.

कलम १. राहतं घर सम्मेदला. माडीवरची खोली त्रिशला येईल तेव्हा तिची. ती रिकामी दिसते म्हणून तिथे सुताची पोती रचू नयेत. माहेरी आलेल्या पोरीला पोती हलवून झोपायला लागलं तर ते माहेर नव्हे, गोदाम.

कलम २. म्हैस सूनबाई स्नेहल हिची. ती दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत नाही, त्यामुळे इथे मी किंवा कायदा काही वेगळं ठरवू शकत नाही.

कलम ३. बँकेत जे निघेल त्यातून आधी माझा मागचा खर्च करावा, साधा. थोडं आमच्या गल्लीतल्या जैन बस्तीला, म्हणजे देवळाला, द्यावं. राहील ते दोघांनी निम्मं-निम्मं घ्यावं. माझा फोटो फलकावर छापून चौकात उभा करू नये. चौकात उभं राहणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली. मेल्यावर तिथेच उभं करून माझी शोभा करू नका.

कलम ४. अवजारं. कुरी, कोळपी, पहार ज्याला लागेल त्याने न्यावी. टोकाला धार लावलेली लोखंडी सळी मात्र सम्मेदच्या आदितीला द्यावी. माझी ही नात मोबाईलवर रोज हवामान बघते. वर बघणारं घरात एक झालं, खाली बघणारंही हवं, म्हणून.

ही सळी पाऊस सरला की मी रानात हाताने खुपसतो. हाताच्या जोराने जिथवर जाते तिथवर ओल. माझ्या तरणेपणी संक्रांतीला ती माझ्या कमरेइतकी आत जायची. आता शेजारच्या रानांत दिवाळीलाच वीतभर खाली खडकाला लागल्यासारखी थांबते. लोक म्हणतात पाऊस कमी झाला. मला तसं वाटत नाही. पूर्वी पाऊस सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा मुक्काम ठोकायचा, हलायचं नाव नाही. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, दोघेही आपापल्या नक्षत्राला येऊन सावकाश भिजवून जायचे. आता येतो तो दार आपटत, एका दुपारी सगळं ओतून पसार; मग महिना महिना तोंड दाखवत नाही. मधल्या उन्हात भुई तव्यासारखी तापते. ज्या वर्षी पंचगंगा लोकांच्या माडीवर चढली, त्याच वर्षी दिवाळीनंतर शेजारच्या माळावरची ज्वारी सुकली. खाली पूर आणि वर तहान, हे आमच्या वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी मला भूल पडली म्हणून अंगारा लावला असता.

मासिकात मोठमोठ्या देशांचे नकाशे येतात, कुठली जमीन किती वाळत चालली त्याचे. मी ते आवडीने बघतो. आमच्या माळाचं रान त्या नकाशात डाळीच्या दाण्याएवढंही नाही. पण मला वाटणी करायची आहे ती त्याचीच.

कलम ५. माळाचं रान, वडगाव रस्त्याच्या वरच्या अंगाचं. हे कलम लांबेल. वाचणाऱ्याने बसून वाचावं.

या रानाला उतार आहे. वर मुरूम, मध्ये तांबडी, खाली काळी माती. बहात्तरच्या दुष्काळानंतर वडील गेले आणि मी व थोरला भाऊ आदगोंडा वेगळे झालो. पंच बसले. आमचे बांधशेजारी हंबीरराव चव्हाण, त्यांचे वडील पंचांत पुढे. आपल्याकडची रीत अशी की एकाला वरचा मुरूम आणि दुसऱ्याला खालची काळी दिली तर अन्याय होतो. म्हणून दोरी उताराला उभी धरायची. प्रत्येकाच्या पट्टीत थोडा मुरूम, थोडी काळी. तसंच झालं. दोघा भावांत तिळाचा फरक पडला नाही. पंचांची वाहवा झाली, गूळ वाटला.

पाण्याला मात्र पंचांत कोणी बोलावलं नव्हतं. आजोबांनी पाणी अडवायला दगडमातीने घातलेल्या आडव्या ताली त्या उभ्या दोरीने मधोमध तुटल्या. पट्ट्या चिंचोळ्या, आडवं औत घालावं तर वळण्यातच बैल दमायचे. म्हणून दोघंही उभं नांगरायला लागलो, आणि पाऊस नांगराच्या त्या उभ्या तासांतून माती घेऊन ओढ्याला धावायला लागला. भावाभावांत न्याय झाला आणि रान दोघांचंही वाळलं. आमच्या शिवारात अशी न्यायाने वाळलेली रानं पुष्कळ आहेत.

पुढे आदगोंडा इचलकरंजीला गेला. गावातली माझी जागा त्याने घेतली आणि त्याची पट्टी मला दिली. रान पुन्हा एक झालं. मी मधला उभा बांध मोडला, ताली आडव्या बांधल्या. खालच्या काळीत थोडा ऊस होता. ऊस तुटल्यावर मागे राहिलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, सगळे पेटवून देतात. पद्मावतीने काडी लावू दिली नाही. तिचा हिशेब मातीचा नव्हता, जिवांचा होता. पाचटात किडामुंगी असते, ती जिवंत जाळून आपण पर्युषणात उपवास कुठल्या तोंडाने धरायचे, असं तिचं म्हणणं. मी पाचट रानभर पसरलं.

हंबीरराव बांधावरून ओरडले, “नेमगोंडा, उंदरांचा आश्रम काढलायस व्हय रं? तुझं उंदीर माझ्या उसात जेवाय येत्यात!”

पद्मावतीने डोक्यावरची पाटी न उतरवता सांगितलं, “येत्यात न्हवं? मग पावण्यांना नीट वाढा की भावजी.”

एका पावसाळ्यात काही दिसलं नाही. दोनातही नाही. पाचट कुजत गेलं, ताली गाळाने भरत गेल्या, आणि पाच-सहा वर्षांनी सळी जरा खोल जायला लागली. दोन वर्षांपूर्वी सगळा श्रावण कोरडा गेला, शेजारच्या भुईमुगाने मान टाकली, तेव्हा आमचा तगला. वरचा मुरूम पाणी पितो आणि ते झिरपत काळीत उतरतं. वरचं आणि खालचं ही दोन रानं नव्हेत. एक घास घेतं, दुसऱ्याच्या अंगी लागतो.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. भाऊबीज झाली, ताटं उचलली, आणि सम्मेदने विषय काढला.

“आण्णा, वरच्या मुरमाडावर प्लॉट पाडू. रस्ता जवळ हाय. खाली बोअर मारून सगळा ऊस करू. अक्काची हक्कसोड झाली की कागद एका नावावर यील.”

त्रिशला लगेच म्हणाली, “सही कुठं करायची सांग. मला काय नको.”

मी विचारलं, “का नको गं?”

“आण्णा, ज्या बहिणी वाटणी घेत्यात त्यांना भाऊबीजेला कोण बोलवत न्हाय. मला रान नको, हे दार पायजे.”

ती हसत बोलली, पण हात पदराशी चाळा करत होता. सम्मेद वाईट नाही. त्याने बहिणीला कधी उणं केलं नाही. पण जग ज्या वाटेने जातं त्याच वाटेने तोही निघाला होता. त्या वाटेने रानही जाणार आणि पोरगीही. वर सिमेंट झालं की खालच्या काळीला घास कुठला? आणि बोअर मारला तर आहे तेवढं उपसून संपणार. बोअर म्हणजे उसन्या दुधाची बासुंदी.

म्हणून मी ठरवलं, ते असं. माळाच्या रानाची वाटणी उभी करू नये. आडवी करावी. मधल्या मोठ्या तालीच्या वरचं सगळं रान त्रिशलाचं. तालीच्या खालचं काळं सगळं सम्मेदचं. ताल दोघांची. गाव म्हणेल भारी रान पोराला, हलकं पोरीला, म्हाताऱ्याने पोरीला मुरूम चारला. म्हणू दे. सम्मेदच्या काळीत ओल राहील की नाही हे त्रिशलाच्या मुरमावर ठरेल. त्रिशलाने वर पाणी अडवून धरावं. सम्मेदने पाचट न जाळता निम्मं वर पाठवावं. ट्रॅक्टरवाल्याकडून आडवंच नांगरून घ्यावं. फार वळावं लागतं म्हणून तो कुरकुरतो. त्याला चहा पाजावा, पण ऐकू नये.

त्रिशलाने हक्कसोड करू नये. केलीच, तर वरचं रान बस्तीला जाईल, आणि सम्मेदने पाण्यासाठी बस्तीच्या कमिटीपुढे उभं राहावं. कमिटी कशी आहे ते त्याला माहीत आहे. वकील म्हणाले, अशा अटी कोर्टात टिकतील याची हमी नाही. म्हणून कोर्टाच्या भरवशावर न राहता मी काल या कलमाचा कच्चा कागद दोघांना समोर बसवून वाचून दाखवला.

सम्मेदने कागद माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाला, “म्हंजे माझं पाणी अक्काच्या हातात?”

“व्हय.”

“आणि अक्का रुसली तर?”

त्रिशला म्हणाली, “आण्णा, लोक माझ्या तोंडात शेण घालतील. मला न्हाय पायजे हे.”

मी म्हणालो, “तू मागितलंसच न्हाईस. मी देतोय. बोलायचं असंल त्यानं माझ्या नावानं बोलावं, मी ऐकाय नसणार.”

तरी ती मान हलवत राहिली. शेवटी सम्मेद उठला, तिच्यासमोर उकिडवा बसला. “अक्का, घे की. प्लॉट न्हाय पाडत. पर एक हाय, दर साल मिरगाआधी तालीच्या डागडुजीला तू सोत्ता यायचंस. मला एकट्याला दगड रचाय जमत न्हाय.”

“जेवाण कुणाकडं?”

“माझ्याकडं. अजून कुणाकडं?”

मग तिने नाकाला पदर लावला आणि मला म्हणाली, “लिवा आण्णा.” म्हणून लिहिलं.

कलम ६. हे शेवटचं, आणि वकिलांनी कायद्यात बसत नाही म्हणून खोडायला सांगितलेलं. मी खोडलेलं नाही.

पेरायला वाफसा लागतो. माती ना चिखल, ना ढेकूळ. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचली की फुटावा. पूर्वी वाफसा आठवडाभर दारात उभा राहायचा. आता दोन दिवसांत उडतो, आणि गेला की गेला. माझा मृत्यू पेरणीच्या तोंडावर झाला आणि सुतकाच्या दिवसांत रानाला वाफसा आला, तर कोणी घरात बसू नये. रीतीला काय वाटेल ते मी वर जाऊन बघून घेतो. त्या दिवशी तालीच्या वर त्रिशलाने आणि खाली सम्मेदने पेरायला लागावं, एकाच सकाळी. भेटायला येणाऱ्यांना हंबीररावांनी सोप्यात बसवून घ्यावं आणि सांगावं, “बसा पावणं. पोरं रानात हाईत.”

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि राजीखुशीने दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीला घेऊ नये असं वकील म्हणाले. म्हणून हंबीररावांना साक्षीला घेतलं, म्हणजे त्यांना काही द्यायला नको.

ठिकाण : हातकणंगले
दिनांक : ५ मे २०२५

सही : नेमगोंडा भरमगोंडा मगदूम

साक्षीदार :
१. हंबीरराव चव्हाण, बांधशेजारी (सही). सोप्यात बसायचं काम मान्य.
२. गोमटेश उपाध्ये, बस्तीचे पंडित (सही). बस्तीचं ते बस्तीला, मला काही नाही. कलम ६ वाचलं. हरकत नाही.