वाढत्या अंगाचं जाकीट

९ फेब्रुवारी
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं रोज ठरवतो आणि रोज काहीतरी निघतं. आज स्वतःला कानाला धरून बसवलंय. मी सध्या भाजलेल्या मुलांच्या दवाखान्याची गाडी चालवतो. इथल्या झोपड्यांत स्टोव्ह जमिनीवर आणि पोरांचं अंथरूण त्याला खेटून, त्यामुळे गाडीला उसंत नाही. मधेच सांगतो, हॉर्न बिघडलाय, फक्त डावीकडे वळताना वाजतो. पोरं जाम खूश.

हां, तर मुद्दा. पाच वर्षांची एक पोरगी आहे, भिंगरी. उकळतं पाणी खांद्यावरून काखेत सांडलं. जखम भरली, पण कातडी आखडत चाललीय. हात वर गेला नाही तर अंगाला जखडूनच राहील, मग कापाकापी. डॉक्टरीणबाई म्हणतात, ताणल्या जाणाऱ्या कापडाचं जाकीट रात्रंदिवस घालायचं आणि हात उचलत राहायचा. भिंगरी म्हणते, बाईंनीच घालावं. इथला शिंपी गाव सोडून गेला, म्हणून मी छाती ठोकून तुझं नाव सांगितलं. मापं आणि कापड सोबत.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नये.
तुझा,
भटक्या

१८ फेब्रुवारी
चि. भटक्यास, पोटभर आशीर्वाद.

तू जिवंत आहेस हे कळल्यावर तुझ्या भावजींनी दोनदा चहा घेतला. मापं टेपनं घेतलीस की दोरीनं? छातीपेक्षा मनगट मोठं असलेलं मूल मी जन्मात पाहिलं नाही. शेवटी अंदाजानं शिवलं. पोरं भराभर वाढतात म्हणून चांगलं सैल ठेवलंय, पुढच्या वर्षीही होईल. खिशावर बदक लावलंय. मला तिकडे बोलावू नकोस, बसमध्ये माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे.

वेळेवर जेव, मग हवी तेवढी माया कर.
ताई

२ मार्च
ती. ताईस, सा. न.

बदक सगळ्यांचं लाडकं झालं. डॉक्टरीणबाई मात्र जाकीट बघून हसत सुटल्या. मग म्हणाल्या, ते गच्च बसलं तरच व्रण दबतो, फक्त बोटं गार पडता कामा नयेत. वाढत्या अंगाचं म्हणजे नुसता सदराच झाला. हे परवा भावजींना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, ताईच्या कानावर घालतो.

कातडीत अजून ढिलाई आहे, भीतीच आड येते असं बाई म्हणतात. आम्ही फुगे टांगले. मी स्वतः दाराला लोंबकळून दाखवलं, दारच निखळलं. भिंगरी पोट धरून हसली, पण एकाच हातानं. या आठवड्यात दुसरा उचलला नाही तर ऑपरेशनची तारीख ठरेल. ताई, मला काही सुचत…

भावजी, उरलेलं पत्र तुम्हाला. ताई आत्ताच बसमधून उतरून इथे आलीय, शोधू नका. चेहरा पांढराफटक, गळ्यात टेप. पाण्याला नको म्हणाली. भिंगरीला समोर उभं केलं आणि गिऱ्हाइकाला सांगते तशा हुकमी सुरात हात वर करायला सांगितलं. माझी दोरी सोडली तर भिंगरीचं असं टेप लावून माप आजवर कोणी घेतलंच नव्हतं. तिनं ऐटीत मान ताठ केली, विचारलं की बटणंही असणार का, आणि ओठ चावत हात उचलला. खांद्याच्या वर. जवळजवळ कानापर्यंत.

ताईचे डोळे भरले, टेपवरचा आकडा दिसेना. तिनं पुन्हा माप मागितलं. भिंगरीनं पुन्हा दिलं.