आईच्या नावाचं झाड

डोंबिवली, १४ ऑक्टोबर

प्रिय सोनल,

व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिणार होतो, पण तिथे तुझं नुसतं 'ओके' येतं आणि मला पुढचं सुचेनासं होतं. म्हणून कागद घेतला. याचा फोटो काढून पाठवीन. बीपी ठीक आहे. सरोजमावशी भाजणी देऊन गेली. तू कधी येणार, हे तिने विचारलं नाही. हल्ली कुणीच विचारत नाही.

मलंगगडाच्या वाटेवर दौलतच्या माळावर सलग चार सकाळी जाऊन आलो. पीएचडीसाठी तू जिथे गुडघाभर गवतात तासन्‌तास बसायचीस, तिथे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहाशे झाडं डोक्याच्या वर गेलीत. खाली गार सावली. आम्ही डबे घेऊन जातो आणि जो तो आपापल्या गेलेल्या माणसाच्या झाडावरच्या नावाच्या पाटीपाशी बसतो. गवत मात्र संपलं. दौलत म्हणाला, "मास्तर, म्हशींना भारा निघत नाय आता. तुमच्या पोरीचं ते तपकिरी पाखरू पण नाय दिसत." पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असलेलं तुझं ते मातकट फुलपाखरू. मलाही चार दिवसांत एकसुद्धा दिसलं नाही.

तू सांगितलं होतंस की ते उघड्या, उन्हातल्या गवतातच जगतं, इथे झाडं लावू नका. मी सगळ्यांदेखत तुला विचारलं, आईच्या नावाचं झाडही तुला खुपतं का? तू तशीच निघून गेलीस आणि तीन वर्षं घरी आली नाहीस. मी चुकलो हे मला त्याच दिवशी कळलं होतं. संघाच्या अध्यक्षाने माघार कशी घ्यायची, एवढ्यावर अडून बसलो.

आता संघाला आणखी झाडं लावायला पलीकडचा उतार हवाय. गवत तेवढंच उरलंय. शुक्रवारच्या सभेत मी नको म्हणालो, तर संघातला देवेश म्हणाला, आधी वहिनींचं झाड काढा, मग आम्हाला शिकवा. मला राग आला, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी निर्णय आहे.

काल सकाळी दौलतची करवत घेऊन मी मालनचं करंजाचं झाड कापलं. बाबांचं डोकं फिरलंय, आईचं झाड तोडलं, असा फोन तुला आज-उद्या येईलच. त्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. ये, असं मी म्हणत नाही. कापताना मी रडत होतो, हेही ते सांगतील. तेवढं खरं आहे.

तुझाच,
बाबा