किडकं बेणं

गुरुवार, इस्लामपूर

शाळेपासून जिच्यावर जीव टाकतो त्या रूपालीवरच आज फोनवर ओरडलो. ती कॅन्सरच्या प्रयोगशाळेत. मी मात्र कॉलेज अर्धवट सोडलं... जाऊ दे. आबांना, माझ्या वडिलांना, स्वादुपिंडाचा कॅन्सर. ऑपरेशनात त्याचा तुकडा काढणार, तो तिला संशोधनाला हवाय.

"आबा वाचतील त्यानं?"

"नाही रे. पुढच्यांना उपयोग होईल."

मी ओरडून फोन कापला.

आबांना सांगितलं तर म्हणाले, "उसाचं किडकं बेणं लावायला कुणाला देऊ न्हाई रं."

मग तिनं आधी सांगितलेलंच त्यांना समजावलं. आधी सगळ्या पेशींचा एकत्रच रस काढून तपासायचे. आता एकेका पेशीतली जनुकं वेगळी वाचतात. कीड कुठून शिरली ते कळतं.

"मग दे की. फुडच्याचं रान तरी वाचंल."

संमतीच्या कागदावर आबांची सही झाली. रूपालीला तेवढंच कळवलं. 'चुकलो' लिहून पुसलं. आबांनी पोटातला तुकडा देऊ केला, मला एक शब्द देववला नाही.